काकांच्या मृत्यूचा दाखला कॅलिफोर्नियातून कसा मागवायचा?

पत्र:
ताई, माझे मोठे काका १९७२ च्या सुमाराला शिकायला अमेरिकेत गेले आणि तिथेच नोकरीला लागले. सॅन होजेजवळ राहायचे. १९९४ मध्ये ते वारले. ही बातमीसुद्धा त्यांच्या एका मित्राच्या फोनवरून कळली, नक्की तारीख आम्हाला माहीत नाही. काकू अमेरिकन होत्या, त्यांच्याशी पुढे संपर्क राहिला नाही. मूलबाळ होतं की नव्हतं, कुणी खात्रीने सांगत नाही. आजोबांनंतर ७/१२ वर काका आणि बाबा अशी दोघांची नावं लागली, ती आजही तशीच आहेत. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. डोळ्यांदेखत वारस नोंद व्हावी असं त्यांना वाटतं. तलाठी भाऊसाहेब म्हणतात, आधी मृत्यूचा दाखला आणा. एक एजंट दाखल्याचे सव्वा लाख मागतो, वर तिकडे घरदार निघालं तर त्यात तीस टक्के. आपल्या माहिती अधिकारासारखं तिथे काही आहे का? अर्ज आम्हाला इथून करता येईल का?
— एक पुतणी, जि. सांगली

प्रिय ताई,

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. कुठे सही केली नसेल तर करू नका. तो जे काम सव्वा लाखात करणार आहे, ते एक फॉर्म, एक नोटरीसमोरची सही आणि एक शिक्का एवढंच आहे. सरकारी फिया सगळ्या मिळून शंभर डॉलरच्या आसपास जातील, कुरिअर वेगळं. वेळ मात्र लागेल, आणि एक गोष्ट आधीच सांगते: अर्ज तुमच्या नावाने चालणार नाही, बाबांच्या नावाने करावा लागेल. का ते पुढे येईलच.

माहिती अधिकाराबद्दल आधी बोलू, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा १९६६ चा, पण तो फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. जन्म, मृत्यू, लग्न, जमीनजुमला, घरपट्टी ही दप्तरं तिथे बहुतेक ठिकाणी काउंटीकडे असतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा. तिला लागू होतो तो त्या त्या राज्याचा कायदा, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. व्हर्जिनियात तर हा हक्क राज्याच्या रहिवाशांपुरताच ठेवलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिकाने तिथल्या हेन्रायको काउंटीकडे घरपट्टीच्या नोंदी मागितल्या, त्या नाकारल्या गेल्या, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये तिथेही हरला. तुमचे काका कॅलिफोर्नियात होते हे तुमच्या पथ्यावर पडलं. तिथला सार्वजनिक नोंदींचा कायदा १९६८ चा आहे, आणि तो मागणाऱ्याचं नागरिकत्व विचारत नाही. तुम्ही सांगली जिल्ह्यातून अर्ज केलात तरी चालतो. आपल्या माहिती अधिकाराप्रमाणेच तिथेही कागद कशाला हवा हे सांगावं लागत नाही.

आता गंमत बघा. एवढा मोकळा कायदा असूनही मृत्यूचा दाखला त्याखाली मागायचा नसतो. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांना तिथे वेगळे नियम आहेत आणि दाखले दोन प्रकारचे असतात. एक कुणालाही मिळतो, पण त्यावर ठळक छापलेलं असतं की ओळख सिद्ध करायला हा कागद ग्राह्य नाही. दुसरा अधिकृत प्रमाणित दाखला. तो ठरावीक लोकांनाच मिळतो: आईवडील, मुलं, नातवंडं, आजीआजोबा, सख्खी भावंडं, पती किंवा पत्नी, मयताच्या मिळकतीचा वकील, आणि कोर्टाने अधिकार दिलेली माणसं. या यादीत भाऊ आहे, पुतणी नाही. म्हणून अर्जदार बाबा. ते ७८ वर्षांचे आहेत आणि ही सही त्यांच्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही, तेव्हा हे काम दिवाळीनंतर बघू असं म्हणत पुढे ढकलू नका.

फॉर्म भरण्याआधी काउंटी पक्की करा. नोंद माणूस राहत होता त्या काउंटीत होत नाही, जिथे प्राण गेला त्या काउंटीत होते. आपल्याकडे त्या सगळ्या भागाला सरसकट ‘सॅन होजे’ म्हणून मोकळे होतात. सॅन होजे, सनीव्हेल, पालो अल्टो सँटा क्लारा काउंटीत आहेत, पण थोडं पुढे गेलं की फ्रीमाँट अलमीडा काउंटीत, मेन्लो पार्क सॅन मटेओ काउंटीत. काका शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या इस्पितळात असतील तर दप्तर तिथलं. चुकीच्या काउंटीकडे अर्ज गेला तर नोंद सापडत नाही असा कागद हातात येतो आणि फी परत मिळत नाही.

काउंटी शोधायची एक फुकट वाट आहे. कॅलिफोर्नियाची १९४० ते १९९७ या काळातल्या मृत्यूंची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहे, नुसतं खातं उघडावं लागतं. काकांचं वर्ष तिच्यात येतं. सूचीत नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, काउंटी आणि आईचं माहेरचं आडनाव मिळतं. म्हणजे तुमच्याकडे नसलेली तारीखही तिथेच सापडायला हवी.

पण आपली नावं तिथल्या दप्तरात सरळ सापडत नाहीत, म्हणून इथे जरा चिकाटी धरा. ज्ञानेश्वर हे नाव कुणी डी पासून लिहितं, कुणी जी पासून, कुणी जे पासून. लक्ष्मणमध्ये कुणी एक्स घालतं, कुणी के-एस-एच. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलं असेल, नुसतं एक आद्याक्षर उरलं असेल, किंवा कारकुनाने तेच आडनाव समजून टाकलं असेल. तिकडच्या मित्रांनी ठेवलेलं छोटं नाव कागदावर चढलेलंही मी पाहिलंय. अशा वेळी नाव सोडा, आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव या दोनच गोष्टींवर शोधा. त्या कारकुनाला आपल्या आज्यांची आडनावं ओळखीची नसली तरी अक्षरं बहुधा बरोबर उतरवलेली असतात. आणि जन्मतारीख! घरात सगळे म्हणत असतील की काकांचा जन्म कार्तिकातला, दिवाळीनंतरचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावली असेल तर पासपोर्टवर १ जून गेली आणि अमेरिकेतल्या प्रत्येक कागदावरही तीच चढली. काकांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठल्या पेटीत असेल तर काढा. आपली तारीख जुळत नाही म्हणून बरोबर नोंद बाजूला टाकू नका.

काउंटी कळली की तिच्या क्लार्क-रेकॉर्डर या नोंदणी कचेरीचा फॉर्म संकेतस्थळावरून उतरवून घ्या. अलीकडच्या मृत्यूंचे दाखले काउंटीचं आरोग्य खातं देतं, जुने रेकॉर्डर देतो. तुमचा १९९४ चा, म्हणजे रेकॉर्डरकडचा. फॉर्मसोबत एक शपथेचं निवेदन असतं: मी मयताचा सख्खा भाऊ आहे, अमुक कलमाखाली मला दाखला मिळण्याचा हक्क आहे. टपालाने अर्ज करताना यावरची सही नोटरीसमोर व्हावी लागते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात आहे, तिथे वेळ घेऊन ही सेवा मिळते, दर शिक्क्याला ५० डॉलर. इथला आपला नोटरी चालेल का हे काउंटीला ईमेल करून आधी विचारा. चालत असेल तर बाबांची मुंबईची खेप वाचेल. एक मात्र करा: सहीची जागा घरी कोरी ठेवा. बाबांच्या पिढीला कागद हातात आला की सही करून मोकळं व्हायची सवय असते. नोटरीसमोर न केलेली सही वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

दाखल्याची फी वीस ते तीस डॉलरच्या मधली आहे. दोन प्रती मागवा.

तो कागद आला की तलाठ्याकडे धावण्याआधी बाबांच्या शेजारी बसून एकदा नीट वाचा. आपल्या ग्रामपंचायतीचा दाखला पाच-सात ओळींचा असतो. कॅलिफोर्नियाचा दाखला म्हणजे माणसाच्या आयुष्याचं एक पान असतं. आईवडिलांची नावं, शेवटचा पत्ता, व्यवसाय कोणता आणि त्यात किती वर्षं काढली, मृत्यूचं कारण आणि ते दुखणं किती काळ होतं, दहन की दफन, अस्थी कुठे गेल्या. माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं. आणि हयात पत्नीचं नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट. भाऊ कसा गेला, शेवटी जवळ कोण होतं, हे इतकी वर्षं कुणी सांगितलेलं नाही, ते या चौकटींमध्ये भरलेलं असेल. हा कागद टपालातून आला की बाबांनी एकट्याने फोडू नये, एवढं बघा.

पत्नीच्या रकान्यात नाव निघालं, तर ते लपवू नका. ही गोष्ट मी अडून सांगणार नाही. वारस नोंदीच्या अर्जात मयताचे सगळे वारस प्रतिज्ञापत्रावर लिहावे लागतात. विधवा किंवा मुलं असतील तर भावाच्या आधी त्यांचा हक्क लागू शकतो. काकू विदेशी, लग्न कुठल्या कायद्याखाली झालं ते माहीत नाही, तेव्हा दाखला घेऊन आधी महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. शेजारच्या गावातला कुणी म्हणेल की एवढ्या लांबून कोण बघायला येतंय. तुमच्या बाबांना डोळ्यांदेखत नोंद हवी आहे ती मन निश्चिंत व्हावं म्हणून. खोट्या प्रतिज्ञापत्रावर ते होणार नाही, आणि उद्या कुणी आलंच तर फेरफार तुम्हा भावंडांच्या गळ्यात पडेल. काकू किंवा मुलं सापडली तर त्यांना पत्र लिहा. बरीच माणसं तिथे बसून आनंदाने हक्कसोड देतात, त्यांना विचारलेलं असलं की.

दाखला भारतात चालायला त्यावर ॲपोस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे पूर्वीसारखे वकिलातींचे हेलपाटे उरले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या सॅक्रमेंटोच्या कचेरीतून ते टपालाने मिळतं, एका दाखल्याला २० डॉलर. मूळ प्रमाणित दाखलाच पाठवायचा, झेरॉक्स चालत नाही, आणि सोबतच्या चिठ्ठीत देश म्हणून भारत लिहायचं. ओळखीचं कुणी तिकडे राहत असेल तर दाखला काउंटीतून परस्पर त्यांच्या पत्त्यावर मागवता येईल का ते विचारून घ्या. तो समुद्र ओलांडून इथे आणायचा आणि शिक्क्यासाठी पुन्हा तिकडे धाडायचा, यात महिना जातो.

आता घराचं. यासाठी एजंट कशाला हवा? जमिनीच्या नोंदी उघड्या असतात. तिथला रेकॉर्डर म्हणजे आपला दुय्यम निबंधक, आणि त्याच्याकडे आपल्या इंडेक्स टू सारखीच सूची असते: देणाऱ्याच्या नावाने एक, घेणाऱ्याच्या नावाने एक. काकांचं नाव १९७२ पासून पुढे घेणाऱ्यांत शोधा, मग देणाऱ्यांत. घेणाऱ्यांत सापडलं तर घर होतं. देणाऱ्यांतही सापडलं तर ते विकलेलं असू शकतं. सूची बऱ्याच काउंट्या ऑनलाइन दाखवतात, पण खुद्द दस्त घरबसल्या बहुधा दिसत नाही, पानागणिक पैसे भरून त्याची प्रत मागवावी लागते. पत्ता माहीत असेल तर असेसरच्या, म्हणजे घरपट्टीसाठी मिळकतींची किंमत ठरवणाऱ्या कचेरीच्या, संकेतस्थळावरून मिळकतीचा पार्सल नंबर काढा, तो आपल्या गट नंबरासारखा. मालकाचं नाव तिथे ऑनलाइन न दिसण्याची तयारी ठेवा.

एका ओळखीच्या कुटुंबासाठी असाच एक १९८१ चा दस्त मी टेबलावर पसरून वाचला होता. वर डाव्या कोपऱ्यात, नोंदणीनंतर कागद कुणाला पाठवायचा तो पत्ता. उजवीकडे रेकॉर्डरचा शिक्का आणि दस्ताचा क्रमांक. किंमत कुठेच नाही. पण एका ओळीत हस्तांतरण कर लिहिला होता: १६५ डॉलर. कॅलिफोर्नियात काउंटीचा हा कर हजार डॉलरमागे १ डॉलर १० सेंट. १६५ ला १.१० ने भागा: दीडशे हजार, म्हणजे दीड लाख डॉलरला घर घेतलं. मात्र आधीचं कर्ज तसंच पुढे चालू ठेवलेलं असेल तर त्या कर्जाची रक्कम वगळून कर लावतात, ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं, तेवढं बघायचं. आणि त्याच्याखालचे चार शब्द सगळ्यांत महत्त्वाचे होते: पतीपत्नी, जॉइंट टेनंट्स म्हणून. अशा नोंदीत एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्र असो नसो. काकांच्या दस्तावर हे शब्द निघाले तर घराचा विषय तिथेच संपला आणि एजंटाचे तीस टक्केही. काका-काकूंचं घर काकूंना गेलं असेल तर ते योग्यच झालं.

बँकेत किंवा विमा कंपनीत पडून राहिलेले पैसे काही वर्षांनी राज्याच्या कंट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या हिशेबाच्या अधिकाऱ्याकडे, जमा होतात. त्याच्या संकेतस्थळावर नाव घालून फुकट शोधता येतं. असे पैसे मिळवून देणाऱ्याला कॅलिफोर्नियात दहा टक्क्यांहून जास्त मेहनताना ठरवता येत नाही. तीस टक्के मागणाऱ्या माणसाला हे जरूर ऐकवा.

मृत्युपत्र किंवा वारसाचा दावा असेल तर तो काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. कोर्टाला सार्वजनिक नोंदींचा तो कायदा लागू नाही, तिथल्या कारकुनाकडे नावाने वेगळी चौकशी करावी लागते.

मग तो कायदा वापरायचा कधी? काउंटीच्या इतर खात्यांकडे काही मागायचं असेल तेव्हा. समजा दाखल्यावर दिसलं की प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंचा तपास करणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याकडे, गेलं होतं. मृत्यू अचानक किंवा अपघाती असला की तसं होतं. मग कॉरोनरच्या फाइलसाठी पत्र लिहा. बाबांचं नातं त्यात अवश्य लिहा. बंधन नाही, पण कुटुंबाला वागवताना कचेऱ्या वेगळ्या वागतात.

या पत्रात एकच पथ्य पाळा: प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘माझ्या भावाचं नेमकं काय झालं ते कळवा’ याला उत्तर देणं काउंटीवर बंधनकारक नाही, कारण असलेला कागद द्यायचा एवढंच कायदा सांगतो, नवा लिहायला सांगत नाही. ‘माझ्या भावासंबंधी सर्व कागदपत्रं द्या’ यावरही मी स्वतः एकदा तोंडावर पडले आहे, तीन आठवड्यांनी नेमकं काय हवं अशी उलट विचारणा आली. असं लिहा: अमुक नाव, या नावाची ही ही स्पेलिंग, जन्मतारीख ही, मृत्यू अमुक दिवशी, त्यासंबंधीचा कॉरोनरचा तपास अहवाल आणि शवविच्छेदन अहवाल. काही भाग देता येत नसेल तर तो झाकून बाकीचा द्या. खर्च इतक्या डॉलरच्या वर जात असेल तर आधी कळवा. पान अर्ध्याहून मोठं होता कामा नये.

दहा दिवसांच्या आत त्यांनी कळवायचं असतं की कागद देणार की नाही. अडचण असेल तर आणखी चौदा दिवसांपर्यंत मुदत घेता येते. हे दिवस उत्तराचे आहेत, कागद त्यानंतर येतो. मागणी धूसर असेल तर ती नेमकी करायला मदत करणं कर्मचाऱ्यांवर कायद्यानेच टाकलेलं आहे, तेव्हा फोनवर विचारायला संकोच करू नका. नकार लेखी द्यावा लागतो, आणि तो कुणी दिला त्याचं नाव व हुद्दा त्यात हवा. आपल्यासारखं पहिलं अपील मात्र तिथे नाही, पुढची पायरी थेट कोर्ट. कायद्यात दम आहे. याच सँटा क्लारा काउंटीने जमिनींच्या डिजिटल नकाशाचा डेटा सुरक्षेचं कारण सांगून अडवून ठेवला होता, २००९ मध्ये अपील कोर्टाने तो द्यायला लावला. तुमच्या कामात तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

आज संध्याकाळी बाबांजवळ वही घेऊन बसा. काकांचं शाळेतलं पूर्ण नाव, शाळेतली जन्मतारीख, आजीचं माहेरचं आडनाव, ज्या मित्राचा फोन आला त्याचं नाव, आणि जुन्या विमानटपालाच्या पत्रांच्या पाठीवर काकांनी लिहिलेला पत्ता. पत्रं ट्रंकेत असतील. तो पत्ता मिळाला की मला कळवा, पार्सल नंबर आपण दोघी मिळून काढू.